कोंबडी, डुक्कर आणि माणूस : इन्फ्ल्यूएंझाच्या संक्रमणाचा पाठ

(इयत्ता ४ थी व ५ वी. विषय : सामान्य विज्ञान व आरोग्य. तासिका ३)

रेवस बंदर धरमतरच्या खाडीच्या मुखाशी वसले आहे. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून निघालेली लाँच येथे लागते आणि समोरच्या करंजा बंदराशी तरीची ये-जा चालते. अशा बंदरगावात माणसांबरोबर भाजी, मासळी, धान्याची पोती आणि प्रसंगी पाय बांधलेल्या कोंबड्याही बोटीतून उतरतात. खाडीच्या चिखलावर हिवाळ्यात दूरदेशचे पाणपक्षी चरतात. त्याच काठावर गावच्या कोंबड्या किडे टिपीत फिरतात. शिक्षकाने हे दृश्य एकदा शास्त्रीय दृष्टीने पाहिले, तर या पाठाची निम्मी तयारी झाली असे समजावे.

जानेवारी २०२५ मध्ये खाडीपलीकडच्या उरण तालुक्यात, १९३० च्या जंगल सत्याग्रहामुळे सर्वांना ठाऊक असलेल्या चिरनेर गावी, कोंबड्या एकाएकी दगावू लागल्या. नमुने पुणे व भोपाळ येथील प्रयोगशाळांकडे गेले आणि हा पक्ष्यांचा इन्फ्ल्यूएंझा, म्हणजे लोक ज्याला ‘बर्ड फ्लू’ म्हणतात तो रोग होय, असे निश्चित झाले. पशुसंवर्धन खात्याने रोगग्रस्त क्षेत्रातील कोंबड्या नष्ट केल्या व १० किलोमीटरपर्यंतच्या टापूवर देखरेख ठेवली. ‘मध्ये खाडी आहे, आपल्याला काय त्याचे?’ असा विचार अलीकडच्या काठावर कोणाच्याही मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु पक्ष्याला तरीचे भाडे पडत नाही. आणि माणसाच्या चपलेला व कोंबड्यांच्या टोपलीला चिकटून आलेली घाण तर भाडे भरलेल्या उतारूबरोबरच काठावर उतरते. म्हणून हा विषय रेवसच्या व त्यासारख्या सर्व गावांच्या शाळांत शिकविला जाणे अगत्याचे आहे.

शिक्षकांसाठी विषयज्ञान

इन्फ्ल्यूएंझा हा विषाणूंपासून होणारा रोग आहे. त्याच्या ‘अ’ गटातील विषाणू पक्षी, डुकरे, घोडे, माणसे अशा अनेक प्राण्यांत आढळतात. विषाणूच्या कवचावर दोन प्रकारचे प्रथिनकण असतात. एकाला ‘एच’ व दुसऱ्याला ‘एन’ अशी संक्षिप्त नावे आहेत. त्यांचे निरनिराळे प्रकार आढळल्यामुळे एच१एन१, एच५एन१, एच९एन२ अशी नावे पडली. ‘एच’ हा कण किल्लीसारखा असतो. प्राण्याच्या पेशीवर त्या किल्लीला बसणारे कुलूप असेल तरच विषाणूला आत शिरता येते.

या विषाणूंचे मूळ घर म्हणजे रानबदके व इतर पाणपक्षी. त्यांच्या आतड्यांत विषाणू वाढतो, विष्ठेवाटे पाण्यात मिसळतो, आणि बहुधा पक्षी आजारी दिसतही नाही. थंड पाण्यात व ओलसर विष्ठेत तो बरेच दिवस टिकतो. कडक ऊन, उष्णता व साबण यांपुढे त्याचा टिकाव लागत नाही. बदकांनी दूषित केलेल्या पाण्यावर कोंबडी आली की तिला संसर्ग होतो. विषाणूचे काही प्रकार कोंबडीत सौम्य राहतात, तर एच५एन१ सारखे काही प्रकार एकदोन दिवसांत सगळे खुराडे रिकामे करतात. तुरा निळा पडणे, डोके सुजणे, अंडी एकाएकी बंद होणे, पायांवर लाल डाग उमटणे, आणि कित्येकदा कोणतेही लक्षण न दाखविता मरणे, ही या उग्र रोगाची लक्षणे होत. राणीखेत रोगातही कोंबड्या अशाच झपाट्याने मरतात. म्हणून नुसत्या डोळ्यांनी निदान करण्याच्या भरीस कोणी पडू नये. निदान प्रयोगशाळेचे काम आहे. खबर देणे हे गावाचे.

डुकराची गोष्ट वेगळी आहे. डुकराला इन्फ्ल्यूएंझा झाला की ताप येतो, खोकला येतो, नाक वाहते, ते खाणे टाकते व कोपऱ्यात पडून राहते. आठवडाभरात बहुतेक डुकरे बरी होतात. कोंबडीचा रोग साऱ्या गावाला दिसतो. डुकराचा रोग घरधन्यालाही पुष्कळदा कळत नाही. विषाणूच्या दृष्टीने मात्र डुकराचे महत्त्व मोठे आहे. पक्ष्यांच्या विषाणूच्या किल्लीला बसणारे कुलूप आणि माणसांच्या विषाणूच्या किल्लीला बसणारे कुलूप, ही दोन्ही डुकराच्या श्वासमार्गात असतात. त्यामुळे दोन्हीकडचे विषाणू त्याच्या शरीरात एकाच वेळी शिरू शकतात.

ते एकत्र आले तर काय घडते हे समजण्यासाठी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. या विषाणूची आनुवंशिक सामग्री एका अखंड धाग्यात नसून ८ तुकड्यांत असते. एकाच पेशीत दोन भिन्न विषाणू वाढू लागले की नवे विषाणू बांधले जाताना या तुकड्यांची सरमिसळ होते. काही तुकडे एकाचे, काही दुसऱ्याचे, असा तिसराच विषाणू जन्मास येतो. असे बहुतेक नवे विषाणू दुबळे असतात व आपोआप नष्ट होतात. परंतु क्वचित एखादा असा निघतो की जो माणसांत सहज पसरतो आणि ज्याची ओळख कोणाच्याही शरीराला नसते. जगभर पसरणारी साथ अशा विषाणूपासून उद्भवू शकते. डुकराला शास्त्रज्ञांनी ‘मिश्रणाचे भांडे’ म्हटले ते याच कारणाने. अलीकडच्या संशोधनाने या कल्पनेला थोडी मुरड घातली आहे. माणसाच्या फुप्फुसांत खोलवरही पक्ष्यांच्या विषाणूला बसणारी कुलुपे असतात असे आढळले आहे. म्हणजे हे भांडे डुकरापुरतेच मर्यादित नाही. ते माणूसही होऊ शकतो.

इतिहासातील पुरावे

१९१८ च्या जून महिन्यात मुंबईत पोलीस शिपाई तापाने आजारी पडू लागले. त्यांत गोदीवर पहारा करणाऱ्याचाही समावेश होता. पुढे सप्टेंबरात आलेल्या दुसऱ्या लाटेने देशात एक कोटीहून अधिक माणसे नेली. त्याच वर्षाच्या शरद ऋतूत अमेरिकेतील आयोवा प्रांतात डुकरांना तशाच लक्षणांचा रोग झाल्याचे तेथील पशुवैद्य कोएन यांनी नमूद केले. पुढे रिचर्ड शोप यांनी डुकरांतील हा विषाणू वेगळा करून १९३१ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. माणसातील विषाणू १९३३ साली इंग्लंडात सापडला. कोंबड्यांचा जुना ‘मरी’सारखा रोग हाही इन्फ्ल्यूएंझाच आहे, हे १९५५ साली वेर्नर शेफर यांनी दाखविले. अशा रीतीने डुक्कर, माणूस व कोंबडी यांच्या रोगांचे नाते जुळायला २४ वर्षे लागली.

१९५७ च्या साथीच्या विषाणूतील ३ तुकडे पक्ष्यांच्या विषाणूकडून आलेले होते व उरलेले ५ त्यापूर्वीच्या मानवी विषाणूचे होते. १९६८ च्या विषाणूत पक्ष्यांकडचे २ तुकडे नवे होते. ही सरमिसळ कोणत्या प्राण्यात झाली, हे सिद्ध झालेले नाही.

१९७९ साली युरोपात पक्ष्यांचा एक एच१एन१ विषाणू डुकरांत शिरला व तेथेच रुजला. तीस वर्षांनी, २००९ साली, मेक्सिकोत एक नवा विषाणू प्रकट झाला. त्याच्या ८ तुकड्यांपैकी ६ उत्तर अमेरिकेतील डुकरांच्या विषाणूचे होते. त्या सहांत ३ डुकरांच्या जुन्या वंशाचे, २ मूळ पक्ष्यांचे व १ मूळ माणसाचा होता. उरलेले २ तुकडे युरोप व आशियातील डुकरांच्या विषाणूचे, म्हणजे १९७९ साली पक्ष्यांकडून आलेल्या त्या वंशाचे होते. जागतिक आरोग्य संघटनेने ११ जून २००९ रोजी या साथीला जागतिक साथ म्हणून जाहीर केले. ३ ऑगस्ट २००९ रोजी पुण्यातील १४ वर्षांची एक शाळकरी मुलगी या रोगाने दगावली. भारतातील तो पहिला बळी. त्या महिन्यात पुण्यातील शाळा बंद ठेवाव्या लागल्या. युरोपातील एखाद्या पक्ष्यापासून पुण्याच्या शाळेपर्यंतचा हा तीस वर्षांचा प्रवास आहे.

डुकरांकडून पक्ष्यांकडे होणारे संक्रमणही नोंदले गेले आहे. डुकरांतील विषाणू टर्की या मोठ्या कोंबडीवर्गीय पक्ष्याच्या कळपात शिरल्याची उदाहरणे उत्तर अमेरिकेत वारंवार घडली. आपल्याकडच्या कोंबडीला डुकराचा विषाणू सहसा लागत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिकेतील ऑरेगन राज्यात एका लहान घरगुती शेतावर कोंबड्यांबरोबर डुकरांतही एच५एन१ आढळला. त्या देशातील डुकरांत हा विषाणू सापडण्याची ती पहिली वेळ होती. कोंबड्या व जनावरे यांचे पाणी, निवारा आणि अवजारे तेथे सामाईक होती, ही गोष्ट शिक्षकांनी विशेष लक्षात ठेवावी; कारण आपल्या खेड्यांतील परसातही बहुधा हीच स्थिती असते.

महाराष्ट्रातील अनुभव

कोंबड्यांतील एच५एन१ भारतात प्रथम नोंदला गेला तो महाराष्ट्रात. नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे कोंबड्या मोठ्या संख्येने मरू लागल्या, तेव्हा ती राणीखेतची साथ असावी असा समज झाला होता. १८ फेब्रुवारी २००६ रोजी भोपाळच्या प्रयोगशाळेतील तपासणीवरून खरा रोग जाहीर झाला. लाखो पक्षी नष्ट करावे लागले. तेथील माणसांच्या नमुन्यांत विषाणू आढळला नाही. पण देशभर कोंबड्या व अंडी यांचे भाव कोसळले आणि ज्यांच्याकडे रोग पोचलाच नाही तेही पाळणारे बुडाले. त्यानंतर जळगाव जिल्ह्यातील काही गावांत परसातील कोंबड्यांतही रोग आढळला. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा गावी रोग आला, आणि त्याच महिन्यात दापोलीस मृत कावळ्यांतही तो सापडला.

विषाणू जातीची कुंपणे ओलांडतो याचेही दाखले महाराष्ट्रात आहेत. २०१९ साली मेळघाटातील १७ महिन्यांच्या एका बालकात कोंबड्यांमध्ये आढळणारा एच९एन२ विषाणू पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने ओळखला. भारतात माणसात तो आढळण्याचे हे पहिले उदाहरण. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस नागपूरच्या गोरेवाडा येथील केंद्रात ३ वाघ व १ बिबट्या एच५एन१ ने मरण पावले.

या सर्वांतून घाबरून जाण्याचे कारण नाही. २०१९ च्या पशुगणनेनुसार भारतात सुमारे ८५ कोटी कोंबड्या व इतर पाळीव पक्षी आणि सुमारे ९० लाख डुकरे होती. एकट्या महाराष्ट्रात सुमारे ७ कोटी ४३ लाख पक्षी होते. इतक्या मोठ्या संख्येच्या मानाने पक्ष्यांकडून माणसाला रोग झाल्याची उदाहरणे आपल्या देशात अगदी थोडी आहेत. परंतु ती थोडी राहावीत यासाठी जी काळजी घ्यावयाची, ती गावातच घ्यावी लागते.

पाठाची मांडणी

उद्दिष्टे : (१) एका प्राण्याचा रोग दुसऱ्याकडे कोणत्या मार्गांनी जातो हे मुलांनी सांगावे. (२) दोन विषाणूंपासून तिसरा कसा बनतो हे कृतीने समजून घ्यावे. (३) मेलेल्या पक्ष्याला हात न लावता वडील माणसांस कळविण्याची सवय मुलांच्या अंगी बाणावी.

साहित्य : तांबडा व निळा घोटीव कागद, एक मडके, रंगीत खडूची पूड, साबण, पाण्याची बादली, गावाचा कच्चा नकाशा.

प्रस्तावना : ‘तुमच्या घरी कोणकोणती जनावरे व पक्षी आहेत? त्यांचे पाणी कोठे ठेवतात? कोंबड्या दिवसभर कोठे फिरतात? कोंबडी मेली तर तिचे काय करतात?’ असे प्रश्न विचारावे. शेवटच्या प्रश्नाला मुले सरळ उत्तर देतील : ‘उकिरड्यावर टाकतात.’ हे उत्तर ऐकून शिक्षकाने नाक मुरडू नये. ते फळ्यावर लिहून ठेवावे. पाठाच्या अखेरीस त्याचा उपयोग होणार आहे.

पहिली कृती : तांबड्या कागदाच्या ८ व निळ्या कागदाच्या ८ पट्ट्या कापून दोहोंवर १ ते ८ आकडे घालावेत. तांबड्या पट्ट्या पक्ष्याच्या विषाणूच्या, निळ्या माणसाच्या विषाणूच्या. मडके म्हणजे डुकराच्या श्वासनलिकेतील एक पेशी. प्रथम क्रमांक १ च्या दोन पट्ट्या मडक्यात टाकाव्या व एका मुलाने डोळे मिटून एक काढावी; मग क्रमांक २ च्या दोन, याप्रमाणे आठांपर्यंत. निघालेल्या ८ पट्ट्या फळ्यावर ओळीने चिकटवाव्या. तांबड्या-निळ्यांची ती ओळ म्हणजे नवा विषाणू. दुसऱ्या मुलाने हीच कृती केली तर बहुधा वेगळी ओळ मिळेल. एकूण किती निरनिराळ्या ओळी शक्य आहेत, हे पाचवीच्या मुलांकडून दुपटीने काढून घ्यावे : २, ४, ८, १६, ३२, ६४, १२८, २५६. यांतील एक ओळ सगळी तांबडी व एक सगळी निळी, म्हणजे मूळचीच. उरल्या २५४ नव्या. गणिताचा तास व आरोग्याचा तास येथे एक होतात.

दुसरी कृती : एका दगडावर रंगीत खडूची पूड टाकून तो आजारी कोंबडीचे खुराडे आहे असे मानावे. एका मुलाने दगडाला हात लावून नित्याप्रमाणे वर्गात वावरावे : दाराची कडी लावावी, तांब्या उचलावा, मित्राची पाटी घ्यावी. पाच मिनिटांनी रंग कोठेकोठे पोचला ते सर्वांनी शोधावे. मग दुसऱ्या मुलाने पूड सांडलेल्या जागेवरून चपला घालून चालावे व त्याची पावले मोजावी. अखेरीस एकाने नुसत्या पाण्याने व दुसऱ्याने साबणाने हात धुवावेत आणि दोघांचे हात ताडून पाहावेत. विषाणू रंगासारखा दिसत नाही, एवढा एकच फरक आहे, हे नंतर सांगावे. विषाणूचे बाहेरचे आवरण तेलकट असते व साबणाने ते फुटते, हीही माहिती येथेच द्यावी.

तिसरी कृती : गावाच्या नकाशावर कोंबड्यांची घरे, डुकरांचे वाडे असल्यास ते, मोकाट डुकरे फिरतात त्या जागा, उकिरडे, तळे, खाडीचा काठ, बंदर व आठवड्याचा बाजार या खुणा मुलांकडून करवून घ्याव्या. ज्या ठिकाणी कोंबड्या, पाणपक्षी व डुकरे यांच्या वाटा एकमेकींना छेदतात तेथे वर्तुळ काढावे. नकाशा वर्गात बसूनच करावा. मुलांना खुराड्यात व वाड्यात पाठवू नये.

विचारासाठी उदाहरण

पुढील प्रसंग मुलांना सांगावा. समजा, एका घरी बाजारातून ६ तलंगा आणल्या व त्याच सायंकाळी जुन्या कोंबड्यांत सोडल्या. तिसऱ्या दिवशी २ कोंबड्या मेल्या. घरच्यांनी त्या उकिरड्यावर फेकल्या. रात्री एका डुकराने त्या खाल्ल्या. पुढे डुक्कर खोकू लागले. त्या घरचा मुलगाही सर्दी-तापाने आजारी होता. पण डुकराला कोंडा-पाणी घालण्याचे काम त्याचेच असल्यामुळे तो रोज वाड्यात जात राहिला.

‘या वाटेवर आपण किती ठिकाणी बांध घालू शकलो असतो?’ हा प्रश्न विचारावा. भातखाचराचा बांध मुलांना ठाऊक आहे. खाऱ्या पाण्यापासून शेत राखणारा खारबंदिस्तीचा बांध तर खाडीकाठच्या मुलांच्या रोजच्या पाहण्यातला. बांधाला एक खांड पडले की पाणी आत येते हे त्यांना निराळे सांगावे लागत नाही. चर्चेतून निदान पुढील पाच बांध निघावेत :

१. नव्या कोंबड्या दोन आठवडे वेगळ्या ठेवणे.
२. पहिल्या दोन कोंबड्या मेल्या त्याच दिवशी खबर देणे.
३. मेलेला पक्षी उकिरड्यावर, खाडीत किंवा ओढ्यात न टाकणे.
४. डुकरांना बंदिस्त जागेत ठेवणे, त्यांचे पाणी व खाद्य कोंबड्यांपासून वेगळे ठेवणे, आणि मेलेले पक्षी किंवा कच्चा टाकाऊ भाग त्यांना न घालणे.
५. सर्दी-ताप असलेल्या माणसाने जनावरांपासून दूर राहणे.

पाचवा बांध मुलांना सहसा सुचत नाही. रोग जनावराकडून माणसाकडे येतो एवढेच सर्वांच्या मनात असते. १९१८ साली आयोवात डुकरे माणसांपाठोपाठ आजारी पडली आणि २००९ साली अनेक देशांत माणसांनी डुकरांना विषाणू दिला, हे सांगून वाट दुहेरी आहे, हे ठसवावे. कोंबड्या-डुकरांचे काम करणाऱ्यांनी वार्षिक इन्फ्ल्यूएंझाची लस घ्यावी असे जे सांगितले जाते, त्याचेही मर्म हेच : माणसाचा विषाणू त्यांच्या अंगी नसेल, तर सरमिसळीला दुसरा जोडीदारच मिळणार नाही.

अन्नाविषयी मुले हमखास विचारतील. मांस आतपर्यंत ७० अंश सेल्सिअस तापले की विषाणू नष्ट होतो. म्हणून नीट शिजविलेले मांस व पूर्ण उकडलेले अंडे खाण्यास भय नाही. कच्चे अंडे खाऊ नये व आजारी कोंबडी ‘वाया जाईल’ म्हणून कापू नये. कापताना व सोलतानाच धोका अधिक असतो.

गावातील आचार व शिक्षकाचे स्थान

प्राण्यांतील संसर्गजन्य रोगांविषयी २००९ साली झालेल्या केंद्रीय कायद्यानुसार अशा रोगाची खबर देणे हे जनावराच्या मालकाचे व ग्रामपंचायतीचे कर्तव्य आहे. गावी खबर मिळाली की ती जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात पोचली पाहिजे. पशुधन विकास अधिकारी नमुने घेतील व मेलेल्या पक्ष्यांची विल्हेवाट कशी लावावी तेही सांगतील. तोवर मुलांना व जनावरांना तेथून दूर ठेवावे, पक्ष्यांना उघड्या हातांनी शिवू नये, आणि शिवावेच लागले तर नाक-तोंड झाकून, हातांत पिशव्या घालून काम करून नंतर साबणाने हात धुवावेत. मेलेल्या कोंबड्यांच्या संपर्कात आलेल्या कोणास ताप-खोकला आला तर प्राथमिक आरोग्य केंद्रात ती गोष्ट आपण होऊन सांगावी; न विचारता डॉक्टरांस ती कळत नाही.

एवढे नियम सोपे आहेत, तरी खबर उशिरा पोचते, आणि तिचे कारण शिक्षकाने समजून घेतले पाहिजे. परसातील कोंबडी ही घरच्या बाईची रोकड असते. मीठ-मिरची, मुलाची वही, आजारपणातील औषध, यांना अंड्यांचे पैसे उपयोगी पडतात. खबर दिली तर सरकारी माणसे येऊन उरलेल्या कोंबड्याही नेतील, या भीतीने घरे गप्प राहतात, किंवा जिवंत कोंबड्या रातोरात नातलगांकडे व बाजारात पोचवितात. साथ अशाच वेळी एका गावातून दुसऱ्या गावी जाते. सरकारने नष्ट केलेल्या पक्ष्यांची भरपाई मिळते. रोगाने आधीच मेलेल्या पक्ष्यांची मिळत नाही. म्हणजे खबर जितकी लवकर, तितके घराचेही नुकसान कमी. हा हिशेब पालकसभेत, विशेषतः माता-पालकांच्या सभेत, आकडेमोड करून समजावून द्यावा. नुसत्या ‘कळवा, कळवा’ या उपदेशाने तो पटत नाही.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. २००९ साली ‘स्वाइन फ्लू’ या नावामुळे पुष्कळ अनर्थ झाला. इजिप्तमध्ये त्या वर्षी देशातील सुमारे ३ लाख डुकरे मारण्याचा आदेश निघाला. वास्तविक तोवर ती साथ माणसांकडून माणसांकडे पसरत होती. भारतातही ती डुकरांनी पसरविली नाही. वर्गात डुकरे पाळणाऱ्या घरची मुले असतात. हा पाठ शिकविताना एखादा विद्यार्थी त्यांच्याकडे बोट दाखवून हसेल. शिक्षकाने ते तेथेच थांबवावे. वराहपालन हा कष्टाचा व प्रामाणिक धंदा आहे, आणि ज्या मुलाला डुकराचे खाणे-पिणे, खोकला, सुस्ती हे सर्व ठाऊक आहे, तो या पाठात वर्गाचा जाणकार आहे. डुक्कर आजारी आहे हे कसे ओळखावे, हे त्यालाच सर्वांना सांगू द्यावे. कोंबड्यांचा मालक असो की डुकरांचा, ज्याच्या घरी रोग आला तो गुन्हेगार नाही, हे गावाला पटले की लपवालपवी निम्मी कमी होईल.

आणि सर्वांत शेवटी मूल. गावातील पहिली बातमी बहुधा शाळेतच येते. हजेरी घेताना एखादी मुलगी हळूच म्हणते, ‘बाई, आमच्या तीन कोंबड्या मेल्या.’ तिच्या दृष्टीने त्या तीन कोंबड्यांना नावे होती व त्यांतील एक तिच्या हातावर दाणे टिपीत असे. त्या क्षणी शिक्षकाने तिला गप्प बसविले, तर गावाची खबर तेथेच बुडाली. तिचे नीट ऐकून घ्यावे, तिने त्यांना हात लावला काय हे शांतपणे विचारावे, हात धुण्यास पाठवावे, आणि मधल्या सुट्टीपूर्वी तिच्या घरी व दवाखान्यात निरोप जाईल अशी व्यवस्था करावी. उरलेल्या कोंबड्या पुढे नष्ट कराव्या लागल्या, तर ‘मी बाईंना सांगितले म्हणून त्या गेल्या’ असे ते मूल मनात घेऊन बसेल. त्याला वर्गासमोर स्पष्ट शब्दांत सांगावे, की तू सांगितलेस म्हणून शेजारच्या वाडीतील कोंबड्या वाचल्या आणि माणसेही सुखरूप राहिली.

स्वाध्याय

१. पाणपक्षी आजारी न दिसताही रोग पसरवू शकतो, तो कसा?
२. डुकराला ‘मिश्रणाचे भांडे’ का म्हटले आहे? मडक्याच्या कृतीचा आधार घेऊन लिहा.
३. फळ्यावरील ‘उकिरड्यावर टाकतात’ या उत्तराऐवजी आता तुम्ही कोणते उत्तर लिहाल?
४. तुमच्या गावाच्या नकाशावर एक वर्तुळ निवडा व तेथे कोणता बांध घालता येईल ते घरी वडील माणसांशी बोलून लिहा.

चौथ्या प्रश्नाची उत्तरे शिक्षकांनी जपून ठेवावी आणि हिवाळ्याच्या आरंभी, परदेशी पक्षी खाडीवर उतरू लागण्यापूर्वी, ग्रामसभेपुढे मुलांकडूनच वाचून घ्यावी.